हयातीतली देणगी

रविवार, ४ फेब्रुवारी

मोजपट्टी आज पुन्हा येऊन गेला. संग्रहालयाचा माणूस. करारात लिहिलंय वर्षातून एकदा, हा उगवतो दर दीड-दोन महिन्यांनी – हवा बदलली की म्हणे रंगांकडे लक्ष द्यावं लागतं. रंगांकडे की रंगांच्या मालकिणीकडे, देव जाणे. आत्याने आपल्या घरातलं चित्र संग्रहालयाला देऊ केलंय, पण 'माझ्या पश्चात'. म्हणजे ती आहे तोवर ते तिच्या बैठकीच्या खोलीत, ती गेली की यांच्या भिंतीवर. इतक्या सभ्यपणे कुणाच्या मरणाची वाट बघणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

आधी चौकटीला मोजपट्टी लावतो. मग बारीक टॉर्चने कोपरे तपासतो. मग बसतो, चहा घेतो आणि विचारतो, बाई, गुडघा कसा आहे? चित्राला गुडघा नाही, तेव्हा प्रश्न कशासाठी ते उघड आहे! आणि आत्याही अशी की त्याला गुडघ्याचा साद्यंत इतिहास सांगत बसते. गणित शिकवायची शाळेत; उत्तर पायऱ्या-पायऱ्यांनीच देते.

तो गेल्यावर आम्ही दोघी नेहमीसारख्या चित्रासमोर खुर्च्या टाकून बसलो. एक लांबट खोली, उघडी खिडकी, आत फुगून आलेला पांढरा पडदा, आणि जमिनीवर फिकं निळं ऊन. ऊन कधी निळं असतं का? तिथे असतं. दुपारी बघत राहिलं की पापण्या जड होतात आणि पडदा हलायला लागतो. आज मी आत जाऊन आले. फरशी पायांना गार लागली. पलीकडच्या खोलीत कोणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं, शब्द कळत नव्हते, पण माझ्याबद्दल बरं बोलत होते एवढं नक्की. जागी झाले तर आत्या घोरत होती आणि चहा निवून गेला होता.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आत्याला संचालकबाईंचा फोन. सभासदांच्या वर्गण्यांवर नवा हॉल छतापर्यंत आला आणि तिथेच अडकला. फरशी, दिवे बाकी आहेत. आता पंखेवाला पुढे झालाय – अर्ध्या गावाच्या डोक्यावर ज्याचे पंखे फिरतात तो. सगळं पुरं करून देतो म्हणाला. अट एकच: उद्घाटनाला समोरच्या भिंतीवर आत्याचं चित्र हवं. कुठल्याशा पुस्तकात छापलेलं पाहिलंय त्याने. चित्र नसेल तर तेच पैसे तो पोहण्याच्या तलावाला देणार.

म्हणजे आत्याने एक तर लवकर आटपावं, नाहीतर चित्र आधीच द्यावं. वर्तमानपत्रातल्या माझ्या विनोदी सदराला आयतं खाद्य!

बुधवार, १४ फेब्रुवारी

सदरासाठी मुद्दाम संग्रहालयात जाऊन आले. जिथे नजर टाकावी तिथे देणगीदाराचं नाव. बाकावर, दिव्याच्या खांबावर, नळावर. लिफ्टला एका दंतवैद्याचं नाव आहे. वर जाताना आपोआप तोंड उघडतं. चिमटे काढायला इतकी जागा की माझेच हात दुखले.

मग अर्धवट हॉलमध्ये गेले. धूळ, बांबू, उघडी जमीन. एक बाई रुमालाने खिडकीची काच पुसत उभी. मला वाटलं कामाला आहे. सभासद निघाली. त्यांच्या वाचनालयातल्या सहा जणींनी मिळून तेवढी एक काच दिली आहे. "ही आमची," ती म्हणाली – नात दाखवावी तशी. काचेतून उन्हाचा एक तुकडा आत येऊन मातीवर पडला होता. बाकी खिडक्यांवर अजून पत्रे, तेव्हा त्या हॉलमधलं तेवढंच ऊन. आम्ही दोघी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो.

हे सदरात घालता येणार नाही. विनोद होत नाही याचा.

रविवार, १८ फेब्रुवारी

मोजपट्टी आला, पण बसला नाही. संचालकबाईंनी पढवून पाठवलेलं एका दमात म्हणून टाकलं. मी स्वयंपाकघरात कपबश्या विसळायचं सोडून कान दिले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. तिकडे मी बघून घेईन."

काय मुरलेला माणूस आहे! नको नको म्हणत काढून घ्यायची रीत.

तो गेल्यावर मी आत्याला भाषण ठोकलं. गिधाडं, पंखेवाल्याची मिजास, म्हाताऱ्या माणसाची भिंत, सगळं त्यात आलं. आत्याने पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तुला हवंय का ते?"

"प्रश्न तो नाही आत्या."

"म्हणजे हवंय."

हवंय. इथे खोटं कशाला लिहू? मी लहानपणापासून त्या खोलीत जाऊन-येऊन असते. घरभाडं सोडलं तर बाकी मी तिथेच राहते.

रविवार, ११ मार्च

आत्या देतेय. करारातलं 'पश्चात' खोडून 'हयातीत' करायला सांगितलं. मला आधी बोलली नाही.

मी विचारलं, का? तर म्हणते, चाळीस वर्षं आपण दोघीच बघतोय, त्यातही निम्मा वेळ झोपेत.

"आणि मी दर रविवारी येऊन बघू काय आता?"

"मला बघ," आत्या म्हणाली.

काय पण विनोद. चहा न घेताच निघाले.

सोमवार, १७ सप्टेंबर

चित्र गेलं. चौघे आले, पांढरे हातमोजे घालून. मोजपट्टी चौकटीखाली हात धरून उलट्या पावलांनी जिना उतरला. एकदाही मागे वळून पायरी बघितली नाही. पाठ असावा जिना. गाडी भरल्यावर परत वर आला. काही विसरला असेल म्हणून आम्ही वाट बघितली. दारात उभा राहून "बरंय बाई" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा "बरंय" म्हणाला आणि गेला.

आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो, शिक्षा झालेल्या मुलींसारख्या. झोप आली नाही.

शनिवार, ६ ऑक्टोबर

उद्घाटन. आणि काय घोळ! चित्राखाली पितळी पाटी, पाटीवर आत्याचं नाव, नावामागे ठसठशीत 'कै.'. ज्याने पाटी करायला दिली त्याने जुना करार बघितला असणार. 'पश्चात' वाचलं आणि बाईंना पोचवून मोकळा झाला.

संचालकबाईंना घाम फुटला. पंखेवाल्याने वर पंखा शोधला; हॉलमध्ये पंखा नाही, चित्रांना चालत नाही. आत्याने चष्मा लावून पाटी शांतपणे वाचली आणि म्हणाली, "राहू दे. नाहीतर पुन्हा करावी लागेल." सगळा हॉल हसला. मोजपट्टी तेवढा हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक. पुढे झाला आणि खिशातल्या पोलादी पट्टीच्या टोकाने तिथल्या तिथे स्क्रू काढायला लागला. घाईत एक स्क्रू गडगडत लांब गेला, तो उचलायलाही थांबला नाही. पाटी त्याने खिशात घातली, वर हात दाबून धरला. नोकरीची धास्ती, दुसरं काय! महिनाअखेरीला निवृत्त होतोय, तेवढ्यासाठी डाग नको असेल.

मग लोक चित्राकडे वळले. एवढी माणसं, पण हळूहळू आवाज उतरत गेला. काचवाल्या सहाही जणी आल्या होत्या. पंखेवाला हात मागे बांधून, तोंड जरासं उघडं, शाळकरी पोरासारखा उभा. एक माणूस बाजूला सरकला – पडद्याला वाट द्यावी तसा. खिडक्यांतून संध्याकाळ आत आली आणि नव्या फरशीवर फिकी निळी पसरली. मला वाटलं, सगळ्यांनी चपला काढून ठेवल्यात आणि सगळे आत गेलेत. माझ्या खोलीत!

मत्सर वाटला. आणि आत्याकडे बघितलं तर ती चित्राकडे बघतच नव्हती. लोकांकडे बघत होती.

रविवार, १४ ऑक्टोबर

आत्याकडे गेले नाही. कामं होती.

रविवार, २१ ऑक्टोबर

आजही नाही. कामं नव्हती.

रविवार, १८ नोव्हेंबर

शेवटी गेले. दार उघडंच होतं. खुर्च्या भिंतीकडून वळवून समोरासमोर ठेवलेल्या. एकीवर आत्या. माझ्या खुर्चीत मोजपट्टी! टॉर्च नाही, पट्टी नाही, इस्त्रीचा सदरा.

"चित्र तिकडे असतं आता," मी दारातूनच म्हटलं.

"हो, सकाळीच बघून आलो," तो म्हणाला. "छान आहे."

मी सरळ चहा टाकायला आत गेले.

स्वयंपाकघरात आत्या माझ्या मागोमाग आली. साखरेचा डबा काढून दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चित्र होतं तोवर कळायला मार्ग नव्हता गं, कोण कशासाठी येतं ते." मग झाकण लावत, "तू उशीर केलास. पण आलीस."

तिघांचा चहा झाला. मला स्टूल मिळालं. ते दोघं काय बोलत होते कोण जाणे. मी भिंतीला टेकले होते, दुपार होती, आवाज हलके होते. डोळा लागला.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

सकाळी आत्याचा फोन. संग्रहालयाचं सभासदत्व काढून दे म्हणाली. म्हटलं, अगं, तू देणगीदार, तुला दार जन्मभर उघडं आहे.

"मला एकटीला," आत्या म्हणाली. "जोडप्याचं काढ."