मुलीला ‘दुखतंय का?’ विचारू देण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
बालवेदना व मानसोपचार विभाग,
सरकारी रुग्णालय.

विषय : मुलीला आठवड्यातून एकदा ‘दुखतंय का?’ असे विचारण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या विभागातील समुपदेशक बाईंची तोंडी सूचना.

महोदय,

१. उपरोक्त विषयी अर्ज करते की, माझी मुलगी, वय चौदा, हिचे पाय दोन वर्षांपासून दुखतात. तपासण्यांत काही निघाले नाही. त्यावर माझ्या नणंदेने ‘नाटकं’ असे निदान केले. दुखणे खरे आहे, हे प्रथम आपल्या विभागाने मान्य केले. त्याबद्दल मी जन्माची ऋणी आहे.

२. बाई म्हणाल्या की, सारखे विचारल्याने लक्ष दुखण्याकडेच जाते. सबब विचारू नये, पाय चोळत बसू नये, इतर विषयांवर बोलावे. सदर सूचना मी तंतोतंत पाळली. जरा जास्तच पाळली. मुलीला ताप भरला तरी मी गप्प. शेवटी तीच म्हणाली, आई, तापाचं विचारलेलं चालतं गं.

३. इतर विषयांचे म्हणाल, तर मी कपडे दुरुस्तीचे काम करते. चेन बदलणे, पँट आखूड करणे, यावर बोलून बोलून किती बोलणार? भूमितीची चौकशी केली, तर तुला कधीपासून भूमितीचा पुळका, असे उत्तर मिळाले. नुसते पाहिले तरी म्हणते, भुवयांनी विचारू नकोस. म्हणून ती घरात असली की मी शिलाई मशीनवरून मान वर करीत नाही.

४. उपचारांना गुण आहे, याबाबत तक्रार नाही. ती रोज शाळेत जाते, मैत्रिणीकडे जाते. मात्र पूर्वी संध्याकाळी मी पाय चोळायची, तेव्हा कोण कोणाशी भांडले, कोणाची वही कोणी लपवली, सगळे ती सांगायची. चोळणे थांबले, तेही थांबले. असे होईल, हे सूचनेत नव्हते. तिचे वडील परगावी नोकरीला असतात. त्यांना फोनवर ‘बरं आहे’ एवढे पुरते.

५. गेल्या सोमवारी ती इमारतीच्या जिन्यात बसलेली दिसली. गुडघा धरून, डोळे मिटून, शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास घेत होती. मी खालच्या वळणावर होते. आवाज न करता परत उतरले व ती वर जाईपर्यंत फाटकाशी उभी राहिले. नियम मोडला नाही. पण महोदय, याहून लांब उभे राहणे मला जमणार नाही.

६. तरी विनंती की, बाई ठरवतील त्या वारी, बाई सांगतील त्या शब्दांत मला एकदा विचारू द्यावे. उत्तर ‘हो’ आले, तरी चेहरा पाडणार नाही, चोळायला बसणार नाही, रडणार नाही, हे लिहून देते. फक्त ऐकून घेईन.

हे शक्य नसल्यास, आईने त्याऐवजी काय विचारावे, ते तरी शिकवावे.

उत्तर घरी पाठवू नये, टपाल मुलगीच उघडते. मंगळवारी तिला आत घेतात, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर एकटीच असते. तिथे येऊन कोणी तोंडी सांगितले तरी चालेल.

आपली नम्र,
(सही)
उपचार घेणाऱ्या मुलीची आई
दि. ९ ऑगस्ट