मेलेल्या गाळाची वीज

रविवार, दुपार
तारीख १४

आदरणीय विहीणबाई,

नमस्कार. नमस्कार नेहमीचाच, पण या खेपेला जरा जास्त वाकून केलाय असं समजा, कारण पुढे कामाचं बोलायचं आहे. आम्ही सगळे ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरणाऱ्यांशी जमवून घ्यायची मला सवय आहे. तुमचे जावई परवा एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेले आणि दोन मजल्यांच्या मध्ये स्वतःच अडकून बसले. घरी येऊन म्हणाले, "माई, आत अडकलेला माणूस दुरुस्तीवाल्याला काय काय म्हणतो ते आज कळलं. मीच म्हणत होतो."

तुमचं पत्र मिळालं. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि मग दोघीही एकदमच गप्प होतो. म्हणून पत्र.

तुम्ही लिहिलंय, तुमच्या शाळेने लेकीच्या सत्काराच्या दोन तारखा दिल्या आणि तिने दोन्ही टाळल्या. सासरी एवढं काय काम असतं ते कळत नाही. माझ्या गुडघ्याकडे बघायला दुसरं कुणी नसेल तर तुम्ही स्वतः येऊन राहाल. वाचून मला हसू आलं. टोमणा असावा तर असा, वर मदतीचं पांघरूण घातलेला. मी तो आळ मुकाट्याने अंगावर घेतला होता. सासूच्या अंगावर एक आळ जास्त झाला तर बिघडत नाही, शोभून दिसतो.

पण आधी तुम्हाला हवी ती बातमी देते. लेक तुमची येत्या शुक्रवारी येते आहे. तिकीट काढलंय. शनिवारच्या कार्यक्रमाला ती असेल. माझ्या गुडघ्याने परवानगी दिली आहे.

आता थोडं तिच्या कामाबद्दल लिहिते. तिच्या शोधाची वर्तमानपत्रातली बातमी तुम्ही शाळेत मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे तुमच्याच, खोलीच्या भिंतीवर लावली आहे, पण तिची प्रयोगशाळा तुम्ही अजून पाहिलेली नाही. मी पाहिली. तिनेच नेलं मला. म्हटलं, "अगं, मी चौथीत शाळा सोडलेली बाई, जन्मभर लोकांचे कपडे शिवले, मला तिथे काय कळणार?" तर म्हणाली, "माई, तुम्ही वाचनालयातली अर्धी पुस्तकं संपवलीत. चला गुपचूप."

मला वाटलं होतं सगळं चकचकीत असेल. तसं काही नाही. लांबट खोली, खिडकीला चिकटपट्टी, एका कोपऱ्यात थंडगार कपाट आणि त्यावर कुणाचं तरी विसरलेलं स्वेटर. टेबलावर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. बरण्यांत गटाराचा गाळ. शहराच्या सांडपाणी केंद्रातून ही मुलं बादल्यांनी भरून आणतात. वास येतो, पण पाच मिनिटांत नाक हात टेकतं.

त्या गाळात जिवाणू असतात. ते पाण्यातली घाण खातात आणि खाता खाता वीज सांडतात. सांडलेली वीज गोळा करायला बरणीत काळ्या कापडाचा तुकडा बुडवलेला असतो, आणि त्या कापडावर तुमच्या लेकीने भट्टीत भाजून केलेल्या भुकटीचा लेप. लेप चांगला तर वीज जास्त. म्हणजे घाण पाणी स्वच्छही होतं आणि वर दिवा लागतो. मी तर बघतच राहिले. आपण नाक धरून जिच्यावरून उडी मारतो, त्या घाणीत कुणीतरी निमूट काम करत बसलंय, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

बरोबरची मुलं तिला 'झाकणताई' म्हणतात. कुणी बाटली उघडी ठेवली की ही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, "झाकण." एवढंच. मी माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण विसरले तर मलाही, "माई, झाकण." सासूला असं सांगायची हिंमत तिला तिथेच होते, घरी नाही.

एक बरणी बाजूला होती. तिच्यात काहीच चाललेलं दिसेना. विचारलं, ही आजारी आहे का? म्हणाली, "ही मेलेली आहे. मुद्दाम मारली आहे." त्या बरणीतला गाळ प्रेशर कुकरसारख्या यंत्रात शिजवून काढतात, म्हणजे आत जिवंत काही उरत नाही. बाकी सगळं इतर बरण्यांसारखंच. जिवंत गाळाने वीज दिली आणि मेलेल्याने दिली नाही, तरच म्हणायचं की हे काम जिवाणूंचं. मला ही रीत फार आवडली. माणसं आपण केलेलं खरं ठरवायला साक्षीदार शोधतात. ही मंडळी रोज सकाळी येऊन, आपण खोटे ठरतोय का ते त्या मेलेल्या बरणीला विचारतात.

विहीणबाई, इथवर लिहून मी उठले होते. कपडे वाळत घातले, चहा केला, कुंडीला पाणी घातलं. आता बसते आणि पुढचं लिहितेच.

बातमी छापून आली, त्यानंतरची गोष्ट. मेलेल्या बरणीच्या तारेचा चिमटा गंजून तुटला. हिने कपाटातला नवा चिमटा लावला, जसे बाकीच्या बरण्यांना होते तसाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली, चप्पल न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "माई, मेलेला गाळ वीज देतोय."

मी काय करावं? मी म्हटलं, "अगं वा, मग तर आणखी चांगलं."

ती हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मग खाली बसली आणि मला समजावून सांगितलं, आणि सांगताना तिला स्वतःलाच ते नीट दिसत गेलं. नव्या चिमट्यांना जस्ताचा मुलामा होता. बरण्या काठोकाठ भरलेल्या, त्यामुळे चिमट्यांची टोकं पाण्यात बुडत. जस्त घाण पाण्यात बुडून झिजायला लागलं की स्वतःच वीज देतं. टॉर्चच्या साध्या सेलचं आतलं कवच जस्ताचंच असतं, ते तसंच काम करतं. जिवंत बरण्यांना हे नवे चिमटे लागले तेव्हा मेलेलीला जुनेच राहिले, कारण मेलेलीकडे कोण बघतो? तिचा आकडा कायम शून्याजवळ, म्हणून तिला कुणी हात लावला नाही. सगळ्यांनी वाहवा केली ती वीज बरीचशी चिमट्यांची होती.

हे फक्त तिला आणि आता घरात आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही नाही, बाहेर तर नाहीच. तुमचे जावई म्हणाले, "चिमटा परत जुना लावला तर?" वाईट मनाने नाही हो, तिची दशा बघवेना म्हणून. ती म्हणाली, "एका वस्तीत याच्यावर रस्त्याचे दिवे लावायचं ठरतंय. वर्षभरात चिमटे झिजतील, दिवे विझतील, आणि लोक म्हणतील जिवाणूंत काही दम नाही. त्यांनी काय घोडं मारलंय?"

जिवाणूंची बाजू घेणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी तिने आधी सगळे चिमटे काढले. त्यांच्या जागी काळ्या कांड्या लावल्या, पेन्सिलीत असतात तशा, ज्या पाण्यात झिजत नाहीत. मग सगळा प्रयोग पहिल्यापासून. कितीतरी आठवडे गेले. आकडा जिथे होता तिथून घसरत घसरत अगदी तळाशी येऊन थांबला. शून्यावर नाही गेला, पण बातमी छापावी असा राहिला नाही. मग ती प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमकडे गेली आणि दार लावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "ठीक. आता जे उरलंय ते आपलं." ज्या मासिकात या कामाचा लेख आला होता त्याला दोघींनी मिळून लिहिलं, की आमचा लेख मागे घेतो, चूक अशी अशी झाली. ते पुढच्या अंकात तिच्या नावानिशी छापून येईल. मग तिने खोलीतल्या सगळ्यांना बोलावून तो तुटका चिमटा दाखवला. एक मुलगा म्हणाला, "ताई, माझ्याही बरण्यांना तेच आहेत," आणि उठून स्वतःचे काढायला लागला. मग दुसरी उठली. सबंध दुपार सगळे चिमटे काढत बसले होते. तिच्या नोकरीचं पुढे काय, ते अजून ठरलेलं नाही. मॅडम म्हणतात थांब, म्हणून ती थांबली आहे.

मी शिवणारी बाई. शिवणीत वाकडं गेलं तर आम्ही वर लेस लावतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, हल्ली अशीच पद्धत आहे. ही पोर मात्र भर बाजारात उभी राहून कपडा उलटा करून दाखवते, की बघा, इथे चुकलं. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. आणि हा गुण आमच्या घरचा नाही, विहीणबाई. तो ती येतानाच घेऊन आली. कुठून आणला ते मी तुम्हाला काय सांगावं?

आता ज्यासाठी हे पत्र, ते.

तारखा तिने टाळल्या त्या याच्यामुळे. शुक्रवारी येऊन ती तुम्हाला स्वतः सांगणार आहे. शाळेतल्या मुलांनाही शनिवारी तीच सांगणार म्हणते. ते कसं करायचं, करायचं की नाही, ते तुम्ही मायलेकींनी ठरवा. शाळेला ती भीत नाही. वर्तमानपत्राला भीत नाही. मॅडमच्या खोलीत ती ताठ गेली आणि ताठ बाहेर आली. मग रात्री एकटी रडत होतीस ती कशाला, असं मी तिला परवा विचारलं. मला सुईत दोरा ओवून देत होती ती. खाली मान घालूनच म्हणाली, "आई रागावणार नाही, माई. आई छान बोलेल. पण बोलायच्या आधी तिचा चेहरा पडेल."

लहानपणी एकदा ती भाषण मध्येच विसरली होती. तुम्ही मंचावर खुर्चीत होतात. तुम्ही रागावला नाहीत. घरी जाताना बाहुली घेऊन दिलीत. तिला बाहुली कुठली ते आठवत नाही. चेहरा आठवतो.

हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. ज्याने आशा धरली त्याचाच चेहरा पडतो. परक्याचा कशाला पडेल? हिच्याबद्दल तुम्ही किती आशा धरली आहे ते मला ठाऊक आहे. आणि चेहरा काही हुकमाने थांबत नाही. तो आधी पडतो, मग आपल्याला कळतं.

म्हणून मी तिला न विचारता हे लिहिते आहे. तिला कळलं तर ती माझ्याशी चार दिवस बोलणार नाही, ते मी सोसेन. विहीणबाई, जो काय पडायचा तो आज पडू द्या. या कागदावर पडू द्या. दार लावून घ्या, हवं तर मला मनसोक्त बोला, म्हणा, या बाईला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच आहे. वाटलं तर रडा. ती बातमी भिंतीवरून काढावीशी वाटेल, काढा; पुन्हा लावावीशी वाटेल, लावा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. इथे बघणारं कुणी नाही.

आणि शुक्रवारी तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही. दार तुम्हीच उघडा.

तुमच्या लेकीवर तुमच्याखालोखाल हक्क सांगणारी,
तुमची विहीण