अल्थियाने निवडलेली पिल्लं

मर्ल,

कोंबडीच्या त्या वीस पिल्लांच्या वाटणीत तुझ्या बहिणीचा, अल्थियाचा, फायदा काय होता, ते आज कळलं. तिच्याकडे दहाच्या दहा अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत. माझ्या दहांपैकी नऊ आज सकाळी कुंपणावर चढून आरवले. दहावी तेवढी अल्थियाच्या नजरेतून निसटलेली दिसते.

मी तिला फोन केला, तर हसत म्हणाली, "अगं डोरीन, पहिल्याच दिवशी पंखाची पिसं पाहिली की नर-मादी कळते. मर्लनं सांगितलं नाही तुला? तोच तर खोकं धरून उभा होता!"

म्हणजे तुला ठाऊक होतं. एप्रिलभर बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि मी स्वयंपाकघरात त्यांना दिव्याची ऊब देत होते, एकेकाची चोच पाण्यात बुडवून प्यायला शिकवत होते. तेव्हा तू वर म्हणायचास, "काय धीट पिल्लं आहेत गं तुझी!"

सूप शेगडीवर आहे. मी पिंजरा घेऊन अल्थियाकडे चालले आहे. पाच कोंबड्या मिळेपर्यंत तिच्या पायरीवरून हलणार नाही.

नऊ कोंबडे हिवाळाभर पोसता येत नाहीत. शनिवारी कुऱ्हाड तूच घे. हाक मारलीस की पळत येतील, मीच तशी सवय लावली आहे. बहिणीला अंडी मिळाली, तुझं तिच्याशी भांडण टळलं, आणि त्याची किंमत मोजणार ते हे नऊ.

डोरीन