हळदीच्या मांडवात मिशेरीची गोष्ट

४ नोव्हेंबर
नवं पोस्टर फेल. तोंडाच्या कॅन्सरचे फोटो बघवत नाहीत म्हणून पेशंट त्याच्याकडे पाठ करून बसतात. आमच्या गाळ्याच्या मालकीण हिराबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या. दारातूनच, "डॉक्टरबाय, ह्यो भूत उतरव. बगून जेवन जात नाय." उतरवलं. बोलताना त्यांच्या बोटाला दात घासायची मिशेरी लागलेली. कोपरखैरण्यात दातांचा दवाखाना टाकल्यापासून एकदाही माझ्या खुर्चीत बसलेल्या नाहीत.

९ नोव्हेंबर
पोस्टरऐवजी हातआरसा. दात साफ करून झाले की आरसा पेशंटच्या हातात, लाइट माझ्या हातात. गाल ओढा, जीभ वर, कडा बघा. चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तिखट झोंबलं, की या. आणि तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत, नाहीतर तोंड आखडत चाललंय. कळंबोलीचा एक ट्रकवाला हसत हसत घालायला गेला. दोनच गेली. हसू थांबलं. "मॅडम, आता काय करायचं?" इतके दिवस मी बोलत होते, आज पेशंटने विचारलं!

१६ नोव्हेंबर
हिराबाई आल्या. दाढ ठणकतेय. "दाढ बग. बाकी काय बगू नको." दाढ बघितली आणि आरसा दिला. खालचा ओठ त्यांनी स्वतःच ओढला. आत, मिशेरी लावतात तिथेच, पांढरा सुरकुतलेला चट्टा.
"ह्यो काय?"
पुसून जात नाही म्हटलं, तुकडा काढून तपासायला हवा.
"मी तमाकू नाय खात."
"मावशी, मिशेरी कशाची करतात?"
तणतणत जिना चढून गेल्या. रिसेप्शनची शीतल म्हणते, आता गाळा खाली करायला सांगतील. सांगू देत.

२० नोव्हेंबर
हिराबाई सकाळीच दारात, नवी साडी नेसून. "चल, कुठं तुकडा काढतात तिथं." दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून सोबत गेले. बायोप्सी होताना माझा हात असा दाबला की अजून दुखतोय.

३० नोव्हेंबर
कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्यात. मिशेरी कायमची बंद, ठरल्या वेळी तपासणी.
"म्हंजे वेलेवर सापरला?"
"वेळेवर."
जिन्यात बसून रडल्या. मग मलाच ओरडल्या, चहा थंड का केलास म्हणून.

५ जानेवारी
मिशेरी सोडल्यापासून घरात सगळ्यांशी भांडण. फोन, "डॉक्टरबाय, डोका फुटतंय." म्हटलं, "फुटू दे, तोंड वाचतंय." खूप हसल्या. अजून हात लावलेला नाही. बाई खमकी.

२ फेब्रुवारी
त्यांच्या पुतणीची हळद. डीजे इतका की छातीत धडधड. मध्येच हिराबाईंनी तो बंद पाडला. माईक हातात, हात हळदीने पिवळे.
"बायांनो, मिशेरी म्हंजे तमाकूच हाय. माजे तोंडान चट्टा निंगाला. ह्या डॉक्टरबायनं दाखवला म्हनून आज नाचतंय. तुमी पन बगून घ्या. लाजू नका."
आणि मला ओढून पुढे. मी लातूरकडची, या गावात भाडेकरू. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. सरळ लिहिते: अभिमान वाटला. स्वतःचा, आणि त्यांचा त्याहून जास्त.
त्यांचा मुलगा संदेश मागे उभा होता, तोंडात गुटखा. आई बोलायला लागली तसा मांडवाबाहेर गेला.

५ फेब्रुवारी
बायकांची रांग जिन्यापर्यंत! कुणी सुनेला घेऊन, कुणी सासूला. शीतलचा घसा बसला. दोघींना पुढे तपासायला पाठवलं. बाकीच्या मिशेरी सोडतील की नाही, माहीत नाही. पण तोंडात बघायला शिकून गेल्या.

१० फेब्रुवारी
दुपारी शटर अर्धं ओढलेलं, वाकून संदेश आत. "मॅडम, आईला सांगू नका." तोंड जेमतेम उघडतं. जिभेच्या उजव्या कडेला जखम, बोटाला टणक लागते.
"कधीपासून?"
"दिवाळीपासून. हळदीत आई बोलली तेव्हा कळलं, हे तेच."
त्याला खोटा धीर दिला नाही. आजच्या आज तुकडा तपासायला पाठवलं. आईला तूच सांग म्हटलं.
संध्याकाळी वर हिराबाईंचा टीव्ही लागला नाही. सांगितलं असावं.

१९ फेब्रुवारी
संदेशचा रिपोर्ट उद्या. ती जखम मला आवडलेली नाही.
बारा वाजता बाहेर डोकावले. एक दिवस आधीच हिराबाई वेटिंगमध्ये बसलेल्या, शेजारी संदेश. आज तो कामावर गेला नाही. त्याचा हात त्यांनी मांडीवर घेतलेला. समोर उरणची एक बाई, दाढ काढायला आलेली, तोंडात मिशेरी. तिला सांगत होत्या, "घाबरायचा नाय गो. लवकर बगितला तर इलाज होतो. ह्यो माजा पोरगा. ह्याला कोनी आनला नाय, सोताचे पायानं आला."
आवाज जराही हलला नाही. संदेश मान खाली घालून ऐकत होता.
त्या बाईलाच आधी आत घेतलं, आरसा हातात दिला.