थोरली की धाकटी

१२ मे २०२४, रविवार

मामा तलावात बंदूक सापडली!

मामा तलाव म्हणजे मालगुजाराचा जुना तलाव, त्याचा गाळ काढणं चालू आहे. विक्कीच्या जेसीबीच्या दातात आली म्हणे. पोरं सांगत आली, "सोमाजीभाऊ, बंदूक निंगाली! पोलीस घेऊनबी गेले!" मी जेवत होतो. हात ताटातच राहिला. सून नूतन म्हणाली, "काऊन मामाजी, भात कच्चा हाये का?"

बारीक नळीची आहे म्हणतात. ठासणीची भरमार नाही. म्हणजे पॉइंट टू-टू रायफल. या गावात तशा दोनच होत्या, दोन्ही मालगुजाराच्या. एक थोरली, एक धाकटी.

थोरली माझ्या भावाकडे होती.

बी.पी.ची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. दोनदा घेतली तर काय होतं?

१३ मे

भाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ भिवाजी. मालगुजाराच्या धानावर राखण करायचा. डुकरं यायची म्हणून मालगुजार त्याला थोरली द्यायचा. धान कापणीला आलं होतं. एका सकाळी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर भाऊ नाही, बंदूक नाही. घोंगडी तेवढी होती.

मालगुजार म्हणाला, चोर निघाला. कोणी म्हणे वाघ. कोणी म्हणे सिरोंच्याकडची एक बाई होती, तिच्यासोबत नदीपार गेला.

मी ती बाईची गोष्ट धरून बसलो. आधी तो तिकडे तरणा होता. मग त्याचे केस पिकवले मी. आता त्याच्या हातात काठी दिली आहे, नातवंडं दिली आहेत. तेलुगू बोलत असेल. मराठी बोलायला गेला तर अडखळत असेल. माझं नाव घेताना अडखळणार नाही.

आणि धाकटी? मालगुजार मेल्यावर परवाना संपला, तेव्हा त्याच्या मुलाने पोलिसांच्या भीतीने तलावात फेकली असं लोक सांगायचे. तो मुलगाही आता नाही.

म्हणून सापडली ती धाकटी असली तर भाऊ नदीपार आहे. थोरली असली तर — नाही लिहीत.

१४ मे

दोघींची साफसफाई आम्ही दोघं भाऊ करायचो. मालगुजाराच्या ओसरीवर, पोत्यावर बसून. दोन्ही एकाच विलायती कारखान्याच्या, थोरली आधीची, धाकटी पुष्कळ नंतरची. परक्याला सारख्याच दिसायच्या. काडतूस तेच, बारकं, बुडाच्या कडेला ठोका बसणारं. बोल्ट मागे ओढायचा, पुढे लोटायचा, तेही तसंच.

भाऊ माझे डोळे बांधायचा आणि एक हातात द्यायचा. सांग कोणती!

थोरलीचं घोड्याभोवतीचं कडं भरीव लोखंड कोरून केलेलं. बोट लावलं की जाड, थंड. धाकटीचं कडं पत्रा वाकवून केलेलं, कडेला धार लागायची. थोरलीच्या बोल्टची मूठ सरळ बाहेर, धाकटीची खाली वळलेली. थोरलीचा माथा गोल, गुळगुळीत. धाकटीच्या माथ्यावर दुर्बीण बसवायच्या दोन खाचा. दुर्बीण मालगुजाराने कधी घेतलीच नाही!

मी चुकलो की भाऊ टपली मारायचा. "अबे, थोरल्याले वळखत नाई काय?" त्याच्या हाताला तेलाचा वास यायचा. शिवणाच्या मशीनचं तेल. अजूनही कुठे मशीन चालू असली की मी उभा राहतो.

१६ मे

ठाण्यात गेलो. दोन दिवस जाऊ की नको, जाऊ की नको. म्हातारा बंदुकीची चौकशी करतो म्हणून मलाच बसवून ठेवलं तर?

रंजीता म्हणून पोलीस पोरगी आहे, चांगली आहे. म्हणाली, "बसा बाबाजी. साहेबच तुमाले बोलावनार होते. नंबर गंजानं खाल्ला. कागद कोनाकडंच नाई. वळखान तं तुमीच वळखान."

मग हळूच म्हणाली, "तुमच्या भावाची निंगाली तं बंदूक सापडली तो कोपरा खोदून मानूसबी शोधा लागन. दुसरी असन तं मंग काई नाई. तिथी दगड टाकून पाळ बांधून टाकतीन."

टेबलावर ठेवली. लाकूड नाहीच, पाण्याने आणि गाळाने खाल्लेलं. बोल्टची मूठ जेसीबीने तोडलेली. वर चिखलाचा दगड झालेला. मी खाली बोट घातलं.

पत्रा! कडं पत्र्याचं!

"धाकटी हाये," म्हटलं. मोठ्याने म्हटलं बहुतेक. रंजीता हसली. "एवढी खुशी? तुमची हाये का?"

भाऊ नदीपार आहे. नदीपारच आहे.

१७ मे

पोटभर जेवलो. दोनदा भात मागितला.

२० मे

गडचिरोलीला तपासणीला गेलो. बी.पी. ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, छान. वाटलं तिथूनच परत यावं. पण रहीमभाई जवळच राहतो, लेकीकडे. बंदुका दुरुस्त करायचा. दोघींनाही ओळखायचा. आनंदाची गोष्ट त्याला सांगावी असं वाटलं. कशाला गेलो!

"अबे सोम्या! मले वाटलं, तुही माती झाली! गुड्डी, चाय टाक, भूत आलं पाह्य!"

सगळं सांगितलं. पत्र्याचं कडं म्हणालो, तसा तो बशी तोंडाशी धरून थांबला.

"ते कडं तं मीच बसवलो."

म्हटलं, धाकटीला?

"थोरलीले बे! तुह्या भावानं माळ्यावरून पाडली, कडं तुटलं. मालगुजाराच्या भेवानं रातोरात माह्याकडं घेऊन आला. भरीव कडं मी कुठून आनू? एक पत्र्याचं पडलं होतं, ठोकून देल्लं. दिवाळीचे दिवस होते, तो गायब व्हाच्या थोडं आधी. म्हने, सोम्याले सांगू नोको, त्याच्या पोटात बात राहात नाई."

राहिली असती. माझ्या पोटात राहिली असती, भाऊ.

"माथा पाह्यला का?" रहीमभाई म्हणाला. "खाचा असन तं धाकटी. थोरली टकली, तुह्यासारखी." मग त्याने चहा तसाच खाली ठेवला. बसपर्यंत सोडायला आला. त्याला चालवत नाही तरी आला.

२१ मे

पुन्हा ठाण्यात. रंजीताला म्हटलं, एकदा पाहू दे. तिने घासलेटचा बोळा दिला. माथ्यावरचा चिखल सुटायला वेळ लागला. मी डोळे मिटून बोट फिरवलं. इकडून तिकडे. परत इकडून तिकडे.

गंजाचे फोड लागले. खाच लागली नाही.

"काय झालं बाबाजी?"

"काई नाई."

आलो परत.

२३ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात सगळे होते. खीर होती. मी त्रिसरणात चुकलो, बाजूच्या बाईने पाहिलं.

भंतेजी अनित्याबद्दल बोलले. ऐकताना पटतं. घरी आल्यावर पटत नाही. माझा तो म्हातारा भाऊ, काठीवाला, त्याला मी एवढी वर्षं जेवूखाऊ घातलं आहे. एका बोटाने कसा मारून टाकू?

न सांगितलं तर कोणाचं काय जातं? कोणाचंच नाही.

२५ मे

पाळीवर ट्रॅक्टर दगड आणून टाकत आहेत. त्या कोपऱ्यात अजून टाकले नाहीत. सोमवारी टाकणार म्हणतो विक्की. मग पाऊस. मग तलाव भरेल.

तिथपर्यंत गेलो आणि परत आलो. चप्पल चिखलात अडकली. लोक म्हणाले, सोमाजीभाऊ, पडसान!

नूतन भाकरी थापता थापता म्हणाली, "मामाजी, ते थोरली निंगाली असती तं बरं झालं असतं एका परीनं."

मी म्हटलं, काऊन?

"मोठे मामाजी चोर नोहोते, हे तं गावाले समजलं असतं. मी लगन होऊन आली तई पाण्यावर बाया मले म्हनत, चोराच्या घरची. बंदूक इथीच, तलावात, तं चोरली कोनी?"

तिने भाकरी उलटवली. मी तिला इतकी वर्षं घरात पाहतो. तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

मी त्याला नदीपार जगवला. चोर म्हणूनच जगवला की! बंदूक पळवून, आम्हाला टाकून गेलेला. आणि तो माझा भाऊ तिथे चिखलात, घरापासून हाकेवर. मी रोज त्या पाळीवरून शेतात गेलो. बैल धुतले तिथे.

२६ मे, रविवार

काही सुचत नाही. पेन उचलतो, ठेवतो.

२७ मे

ठाणं उघडायच्या आधीच जाऊन बसलो. थोरली आहे म्हणून सांगितलं. रंजीताने खुर्ची ओढून दिली. दगड थांबवले. उद्या तो कोपरा खोदणार, मशीन नाही, हाताने.

नूतनला म्हटलं, घरात कोरं पांढरं कापड आहे का पाह.