सगळी मुलं, एकच गाडी

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून न सुधारलेल्या) भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला असेलच, कारण तू त्यांना थांबवायला सांगितलं असशील. तुझी लेक इथे माझ्याकडे मजेत आहे, जेवते नीट, झोपते कमी. पत्राच्या शेवटी तिच्याबद्दल एक विनंती आहे. तिथे आधी उडी मारू नकोस; तुझी सवय मला ठाऊक आहे.

तर झालं असं, की आमच्या छापखान्यात तरुणांच्या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल शर्यतीची स्मरणिका छापायला आली आणि तिचा इतिहास लिहिणारे गृहस्थ ऐनवेळी आजारी पडले. मालक मला म्हणाले, "रोज दुसऱ्यांच्या चुका काढता, आता जरा स्वतःच्या करा." (मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला याहून मोठी बढती मिळत नाही.) मोटरसायकलबद्दलचं माझं ज्ञान तू जाणतेसच. दाजींच्या मागे बसलो असताना सिग्नलला मी दोन्ही पाय टेकवले, दिवा हिरवा झाला, दाजी गाडीसकट पुढे गेले आणि मी तसाच पाय फाकवून चौकात उभा राहिलो. दाजींना ते घरी पोचल्यावर कळलं.

इतिहास मात्र झकास निघाला. दोन शेजारी देशांतल्या दोन म्हाताऱ्या शर्यतपटूंची जुंपली, कुणाचा नातू जास्त वेगवान. एक म्हणे पोरगा वेगवान, दुसरा म्हणे पोरगा कसला, आजोबांनी घेऊन दिलेली गाडी वेगवान. शेवटी ठरलं, सगळ्यांना अगदी सारख्या गाड्या द्यायच्या आणि कुणाला कुठली ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. मग आणखी देश आले. एका वर्षी गाड्या आल्या पण चाकं बंदरातच अडकली, म्हणून पोरांना पळायला लावलं (तो निकाल अजून वादात आहे). एका वर्षी विजेत्या मुलाने हेल्मेट काढलं आणि तो मुलगी निघाला. परीक्षक दिवसभर नियम चाळत बसले, आणि अखेर 'मुलगे' खोडून 'मुलं' केलं. एवढी मोठी सुधारणा इतक्या कमी शाईत मी दुसरी पाहिलेली नाही.

आता माझी चूक. मी लिहिलं, 'या स्पर्धेचं वैशिष्ट्य असं की सगळी मुलं एकच गाडी चालवतात.' आमचा चित्रकार भला माणूस, मजकुराशी कधी वाद घालत नाही. त्याने मुखपृष्ठावर एक मोटरसायकल काढली आणि तिच्यावर झाडून सगळी पोरं बसवली, शेवटचं पोर नंबरप्लेटला लोंबकळतंय. ते छापूनही झालं. स्पर्धेचे अध्यक्ष स्मरणिका नाचवत आले. मी म्हटलं, वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ते म्हणाले, मग व्याकरणालाही मागे बसवायचं होतं! आणि मला दंडाला धरून शर्यत दाखवायला घेऊन गेले.

तिथे वळणावर पोरं इतकी कलतात की गुडघा जमिनीला घासतो. आता मीच अध्यक्षांचा दंड धरला, तरी डोळे मिटवेनात. शर्यत संपल्यावर एक ओळखीचं माणूसही भेटलं. असो. कागद संपत आला. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. ओळखीचं माणूस म्हणजे तुझी लेक. हेल्मेट काढलं आणि आतून हीच निघाली. सकाळी ज्या क्लासला जाते म्हणून आपण कौतुक करत होतो, तो हा. परवानगीवर सही दाजींची आहे. मी नीट तपासली, खरी आहे.

ता. क. दाजींवर भडकण्याआधी माझ्यावर भडक. मी लांब राहतो.

ता. क. (हा शेवटचा, आणि खरा.) ताई, पोरगी अंतिम शर्यतीपर्यंत पोचली आहे. पण आता हटून बसली आहे, आईपासून लपवून यापुढे धावणार नाही, आई नको म्हणाली तर गाडी परत करणार. वळणाला न घाबरणारी ही पोर तुला सांगायला घाबरते, म्हणून मी लिहितोय. त्यानंतरची शर्यत ती जिंकली, तेव्हाही मी तिथे होतो. बाकीच्यांच्या आया धावत आल्या, आणि ही हेल्मेट न काढता उभी, रडतेय ते दिसू नये म्हणून. मी पाठ थोपटली, पण मामाचं थोपटणं कुठवर पुरणार? मला फार वाईट वाटलं गं. अंतिम शर्यत रविवारी आहे, ये. ओरडायचं असेल तर खुशाल ओरड, तिथल्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही. फक्त तिने हेल्मेट काढलं की समोर तू हवीस.