सोलापूरच्या पोर्टखालची ओळ

रायपूर,
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चंद्रिका अक्कास मल्लिनाथचा नमस्कार.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, अक्षताच्या गालाचा एक मुका घे. मी हितं बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही बरे नाही हे मला माहीत आहे, म्हणून ते लिहीत नाही.

पत्र बघून घाबरू नको. फोनवर बोललो असतो, पण तू कणीक मळत स्पीकर लावतीस आणि मागं दाजी बसलेले असतात. हे आधी तू एकटीनं वाचावंस असं मला वाटतं. दहावी नापास माणसाचं पत्र आहे, चुका निघतील. काढू नकोस.

हितलं सांगायचं तर बाहेर आत्तापासून ऊन तापायला लागलंय आणि मी स्वेटर घालून काम करतो. मशिनीच्या खोलीत एवढं गार ठेवतात की माझं नाक कायम वाहतं. माढ्याचा येडू माझ्यासोबत राहतो, मागं सांगितलं होतं. स्वयंपाक तोच करतो. मीठ दोनदा टाकतो, एकदा आठवणीनं आणि एकदा विसरून. मी भांडी घासतो. असं चाललंय.

शुक्रवारी तुझा फोन आला. पहिली दहा मिनिटं तू अक्षताच्या गॅदरिंगचं सांगितलंस. मग आवाज बारीक करून म्हणालीस, "तम्मा, तुझ्या साहेबास्नी ह्यांच्यासाठी दोन शब्द सांग की. वीस तारखेला चौकशी हाय. नोकरी गेली तर हे उभं राहायचे न्हाईत बघ." दाजी जेवत नाहीत, दाढी करत नाहीत, दिवसभर लॅपटॉप उघडून नुसते बघत बसतात, हे पण सांगितलंस. मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर येडूनं विचारलं, काय झालं, तोंड असं का? मी त्याला म्हटलं, सर्दी.

दाजींनी तुला काय सांगितलंय मला माहीत नाही. ते कामाचं घरी बोलत नाहीत. म्हणून काय झालं ते मी माझ्या बाजूनं सांगतो.

सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्या व्यापाऱ्याचं कोल्ड स्टोरेज आहे. त्याचं सोलापूरला ऑफिस आणि हितं रायपूरला डेपो. त्या दोघांच्या मधे त्याला स्वतःचा वेगळा रस्ता पाहिजे होता, नेटवर्कचा, आणि तो आमच्या कंपनीनं बांधून द्यायचा होता. तुला आठवतं का, मी वर्षभर सोलापुरात ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टॉवेलचे गठ्ठे चढवायचो? तितं प्रत्येक ठिकाणी गठ्ठ्यावरचा सगळा पत्ता कोणी वाचत नव्हतं. वर चिठ्ठी असायची, तिच्यावर नुसता नंबर. लातूरचा हमाल नंबर बघायचा, ती चिठ्ठी काढून पुढची लावायचा आणि ढकलायचा. आमचे राउटर हेच करतात. माहितीच्या गठ्ठ्यावर लेबल चिकटवतात, मधला प्रत्येक राउटर लेबल बघतो, बदलतो, पुढं देतो. आधीपासून ठरवून ठेवलेला असा जो रस्ता, त्याला पाथ म्हणतात. इंजिनेर लोक हे शिकायला चार वर्षं घालवतात. मला ते हमालीमुळं एका दिवसात कळलं. हे मी बढाई म्हणून लिहितोय, तुला कळलं असेल.

पाथ एकेरी असतो. हितनं सोलापूरला जाणारा मी बांधायचा, सोलापूरहून हितं येणारा दाजींनी बांधायचा. माझ्याकडचा राउटर एका कंपनीचा, सोलापूरला नवीन बसवलेला दुसऱ्या कंपनीचा. दोघांची भाषा वेगळी. दाजींची परीक्षा, सर्टिफिकेट, सगळं पहिल्या कंपनीचं. आमच्या हितं मात्र एकाच कपाटात दोन्ही आहेत, आणि वर्षभरापूर्वी हितला इंजिनेर सोडून गेल्यापासून शिव्या खात मी दोन्ही चालवतो.

गेल्या रविवारी, दोन तारखेला, सकाळी दहाला काम सुरू झालं. दुपारी एकपर्यंत दोन्हीकडचा एकही पाथ उठला नाही. व्यापाऱ्याचा माणूस दाजींच्या डोक्यावर उभा. शेवटी दाजींनी न विचारता राउटरची सगळी सेटिंग पुसली आणि नव्यानं भरायला घेतली. त्या नव्या राउटरवर जुनी चार गिऱ्हाइकं आधीच हलवून चालू केलेली होती, त्यातली एक रक्त तपासायची लॅब. ती सगळी तीन तास बंद पडली. चारला पुण्याहून आमच्या साहेबांचा, ताबीश सरांचा, मला फोन आला. दाजींचं नाव घेऊन म्हणाले, शिवानंदला बाजूला केलंय, तू रायपुरातनंच त्या राउटरमधे शिरून बघ. मी सेटिंगची जुनी कॉपी परत टाकली, एक ओळ घातली, आणि मिनिटभरात दोन्ही पाथ हिरवे झाले.

सगळे शाबास म्हणाले. ताबीश सरांनी गुरुवारी फोन करून विचारलं, सोलापूरला येशील का, ती जागा रिकामी होईल बहुतेक. तू तिकडचाच माणूस आहेस, असंही म्हणाले.

ती जागा म्हणजे दाजींची खुर्ची, अक्का.

आज एवढंच. हात दुखला.

मंगळवार, दि. ११

रविवारचं वरचं सगळं परत वाचलं. त्यात खोटं एकही अक्षर नाही, आणि तरी ते पाकिटात घालायला हात धजला नाही.

"एक ओळ घातली" असं मी लिहिलंय. ती ओळ कुठली, आणि मला कधीपासून माहीत होती, ते लिहिलेलं नाही. ते आज लिहितो.

पहिल्या कंपनीच्या राउटरला पोर्टवर, म्हणजे वायर खोचतात त्या भोकावर, एकदा सांगितलं, की लेबल घे, की भागतं. दुसऱ्या कंपनीच्या राउटरला दोन ठिकाणी सांगावं लागतं. एकदा यादीत पोर्टचं नाव टाकायचं, आणि परत त्या पोर्टच्या खाली जाऊन सांगायचं. दुसरं राहिलं तर तो काही तक्रार करत नाही. शेजारचा राउटर दिसतो, पिंग जातं, म्हणजे हाक मारली की ओ येते, सगळं ठीक वाटतं, फक्त पाथ उठत नाही. पहिल्या कंपनीवर हात बसलेला माणूस हितंच चुकतो. मीही ऑक्टोबरात चुकलो होतो, दोन दिवस घालवले, आणि वहीत तारीख टाकून लाल पेनानं लिहून ठेवलं. वही दाजींनीच दिलेली. म्हणाले होते, मल्लू, तुला इंग्रजी पाठ होत नसंल तर चित्र काढून ठेव, पण लिहून ठेव.

त्या रविवारी अकरा वाजून आठ मिनिटांनी दाजींनी मला सोलापूरची सगळी सेटिंग पाठवली. खाली लिहिलं, "मल्लू, जरा नजर टाक. मला ह्या मशिनीचा अंदाज नाही." दाजींनी मला कधी काही विचारलं असेल तर ते हे पहिल्यांदा. मी बघितलं. दोन मिनिटांत दिसलं. यादीत पोर्ट होतं, पोर्टखाली ओळ नव्हती. मी उत्तर टाईप पण केलं.

तेवढ्यात त्यांचा फोन आला. मी उचलला, पण ते माझ्याशी न बोलता आधी त्या व्यापाऱ्याच्या माणसाशी बोलत होते. तो विचारत होता, रायपूरला कोण आहे. दाजी म्हणाले, "माझा मेव्हणा आहे. मीच लावला त्याला कामाला."

अक्का, त्यात काही वाईट नव्हतं. आवाजात कौतुक होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच जास्त झोंबलं. मी टाईप केलेलं पुसलं. फोनवर म्हटलं, "माझ्या बाजूनं सगळं बरोबर आहे, दाजी." ते खरंच होतं. माझ्या बाजूनं सगळं बरोबर होतं.

त्यांनी परत विचारलं, "आणि माझ्याकडचं?" मी म्हटलं, बघतोय.

दोन तास मी बघत होतो. खुर्चीवर बसून, स्वेटरच्या बाह्या ओढून, काही न करता. त्यांचे मेसेज येत होते. हे करून बघू का, ते करून बघू का. मी अंगठा पाठवत होतो. मनात एकच, की आज तितं सगळ्यांसमोर कळू दे, इंजिनेर कोण आहे. ते राउटर पुसतील असं मला वाटलं नव्हतं. हे खरं आहे. पण पुसलं हे कळलं तेव्हा पहिल्यांदा मला वाईट नव्हतं वाटलं. हे पण खरं आहे, आणि हे मी तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार नाही.

तू म्हणशील, दाजींनी तुझं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही. तेच तर. तुझं लग्न झाल्यापासून आप्पांचा मोबाईल बिघडला की दाजी, रेशन दुकानाचा फॉर्म भरायचा की दाजी, बैल डॉक्टरला दाखवायचा असला तरी आधी दाजींना फोन. दाजींना बैलातलं काय कळतं? अव्वा शेंगाच्या पोळ्या करते, त्यातल्या मऊ निवडून त्यांच्यासाठी झाकून ठेवते. मी सहा महिन्यांनी मैंदर्गीला घरी गेलो तर मला म्हणते, थांब, दाजी येऊ देत. यंदा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत आप्पांना चनबसप्पा काका भेटले. आप्पा म्हणाले, "हे आमचे जावई, इंजिनेर. आन् हे पोरगं, वायरी वढतंय." दाजी लगेच म्हणाले, "नाही मामा, आता तो राउटर पण बघतो." काका हसले. दाजी माझी बाजू घेत होते आणि मला वाटत होतं, तितल्या मोठ्या पाळण्यात बसून वरनं खाली उडी मारावी.

आणि तू. तू आधी मला विचारायचीस साडीचा रंग कुठला घेऊ. माझ्यासारख्या रंगाचं काही न कळणाऱ्याला विचारायचीस. आता विचारत नाहीस. एवढी मोठी गोष्ट नाही ही, मला माहीत आहे. हितं खोलीत बसून मी असल्या गोष्टी मोजतो. माझ्याकडं जे काही आहे, नोकरी, वही, हे शिकलेलं, सगळं त्या माणसानं दिलंय, आणि देताना कधी बोलून दाखवलं नाही. एकदा तरी बोलून दाखवलं असतं तर मला भांडता आलं असतं.

शुक्रवारी तू मला धाकटा भाऊ म्हणून तम्मा अशी हाक मारलीस आणि त्यांच्यासाठी दोन शब्द मागितलेस. ताबीश सरांना फोन करून "दाजी चांगले आहेत हो" म्हटलं असतं तर तेही झालं असतं. तू खूश, मी सोलापूरला, आणि कोणाला काही कळलं नसतं. शनिवारभर मी तेच करायचं ठरवलं होतं, खोटं कशाला सांगू.

काल सकाळी मी ताबीश सरांना मेल केला. मराठीतच. दाजींनी अकरा आठला पाठवलेल्या मेसेजचा फोटो जोडला आणि वहीतल्या ऑक्टोबरच्या पानाचा. खाली लिहिलं की मला माहीत होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही.

दुपारी त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "चालू राउटर पुसला तो शिवानंदनंच. ते त्याच्या नावावर राहणार. पण तू एक ओळ सांगितली असतीस तर ही वेळ आली नसती." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मेल पाठवून मोकळा होऊ नकोस. वीस तारखेला सोलापूरला ये आणि हे त्याच्या तोंडावर बोल." सोलापूरच्या जागेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. हितली जागा राहील का, तेही विचारलं नाही. दाजींची नोकरी वाचेल असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मीही तुला तसं लिहीत नाही. फक्त चौकशीत आता दोन माणसं असतील, एवढं नक्की.

मी वीसला सकाळी सोलापुरात उतरेन आणि थेट ऑफिसात जाईन. हे पत्र त्याच्या आधी तुला मिळेल असं पोस्टातला म्हणाला. तू वाचलंस की दाजींना दे. त्यांना हे पहिल्यांदा तितं, साहेबांसमोर कळायला नको. आप्पांना मी स्वतः सांगेन, तू सांगू नकोस.

चौकशी झाल्यावर घरी यावं, का ऑफिसातनंच परत स्टेशन गाठावं, हे मला आधी कळायला पाहिजे. ते तू ठरवू नकोस, अक्का. तू लगेच ये म्हणशील, म्हणून तुला विचारत नाही. दाजींना विचार. ते नको म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नको.

मल्लिनाथ